‘द हे वेन’ची प्रत करताना या चुका टाळा

इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलचे ‘द हे वेन’ (म्हणजे गवताची गाडी, १८२१) हे लंडनच्या नॅशनल गॅलरीतील निसर्गचित्र तैलरंग शिकणाऱ्याने जरूर उतरवून पाहावे. इंग्लंडमधील स्टूर नदीच्या उथळ पाण्यात थांबलेली घोडागाडी, डावीकडचे घर, गर्द झाडी आणि ढगाळ आकाश यांत या माध्यमाचे बहुतेक सगळे प्रश्न एकत्र भेटतात. प्रत फसते ती बहुधा शेवटी दिसणारे तपशील आधी रंगवल्यामुळे. म्हणून चित्र ज्या क्रमाने उभे राहिले, तो क्रम आधी समजून घ्यावा.

पहिली चूक रंगाची ट्यूब उघडण्यापूर्वीच होते. मूळ चित्र सुमारे १३० × १८५ सेंमी आहे, म्हणजे रुंदी उंचीच्या साधारण १.४२ पट. ते १२ × १६ इंचांच्या तयार कॅनव्हासवर बसवायला गेल्यास कडा तरी कापल्या जातात किंवा झाडे विनाकारण उंचावतात. १४ × २० इंचांचे माप जवळजवळ तंतोतंत जुळते. त्याहून लहान कॅनव्हास असेल तर केवळ गाडी आणि पाणी एवढाच भाग घ्यावा.

सर्वांत जास्त नुकसान पांढऱ्या कॅनव्हासवर थेट पाने रंगवू लागल्याने होते. कॉन्स्टेबलने याच चित्राचा जवळपास पूर्ण आकाराचा कच्चा आराखडा तैलरंगातच केला होता आणि तो व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे आहे. त्यात तपकिरी अस्तर जागोजागी उघडे दिसते आणि झाडे म्हणजे केवळ गडद-फिकट पुंजके आहेत. आपणही बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी रंग) टर्पेंटाइनमध्ये पातळ करून कॅनव्हासभर पुसट थर द्यावा, तो वाळू द्यावा, संदर्भचित्राची कृष्णधवल प्रत समोर ठेवावी आणि तीन-चार गडद-फिकट छटांतच सगळी रचना मांडावी. हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, पण येथे छटा चुकल्या तर पुढे कोणताही रंग त्या सावरू शकत नाही.

हिरवा रंग भडक दिसत असेल तर तो ट्यूबमधून थेट घेतला गेला असण्याची शक्यता अधिक. त्यात किंचित बर्न्ट सिएना मिसळावी. घोड्यांच्या साजावरचा लाल रंगही विसरू नये; एवढ्याशा लालामुळे आजूबाजूची हिरवळ जिवंत वाटते.

आकाश मळकट झाले, तर ओल्या रंगावर ब्रश वारंवार फिरवणे थांबवावे, तेवढा भाग पॅलेट नाइफने खरवडून काढावा आणि खालचा थर वाळल्यावरच पुन्हा हात लावावा. दमट पावसाळ्यात त्यासाठी बरेच अधिक दिवस लागतात. खालच्या थरांत तेल कमी आणि वरच्या थरांत जास्त असावे, अन्यथा वरचा थर पुढे तडकतो. वाळल्यावर काही जागा निस्तेज दिसल्यास तेथे जवसाचे तेल अगदी थोडे चोळून जादा तेल कापडाने टिपून घ्यावे.

पाण्यावरचे आणि पानांवरचे पांढरे ठिपके सर्वांत शेवटी द्यावेत. त्या काळच्या टीकाकारांनी ज्याला कॉन्स्टेबलचा ‘बर्फ’ म्हणून हिणवले, ते हेच ठिपके. खालचा गडद रंग पूर्ण वाळलेला असेल तरच ते चमकतात. कॉन्स्टेबलच्या काळात टायटॅनियम व्हाइट नव्हता, तो शिशाचा पांढरा वापरत असे. म्हणून आजच्या थंड पांढऱ्यात चिमूटभर यलो ऑकर (मातकट पिवळा) मिसळावा आणि हे ठिपके मोजक्याच जागी ठेवावेत.