मराठा प्लाटून रंगवताय? या चुका टाळा

इंदूरात बसून छोट्या सैनिक-मूर्ती जोडून-रंगवून दुसऱ्या महायुद्धातली प्लाटून, म्हणजे तीसेक सैनिकांची तुकडी, उभी करणारे मुळातच थोडे, आणि त्यातले बरेचसे जर्मन नाहीतर ब्रिटिश पॅराट्रूपर रंगवतात. २८ मिमी मापाच्या मूर्तींमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्री ही पायदळाची रेजिमेंट घेतलीत तर उत्तमच. फक्त डब्यावरच्या चित्रावर विसंबू नका.

पहिली चूक ब्लेड हातात घेण्याआधी होते: साल-महिना न ठरवणं. नाईक यशवंत घाडगे इटलीत टायबरच्या वरच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर एकटे धावून गेले ते १० जुलै १९४४ ला, ऐन उन्हाळ्यात. शिपाई नामदेव जाधव यांचा सेनियो नदीकाठचा पराक्रम ९ एप्रिल १९४५ चा. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, त्यामुळे दोघांना एकाच प्लाटूनमध्ये उभं करायचा मोह होतो. पण घाडगे तिसऱ्या बटालियनचे, जाधव पहिल्या. उन्हाळ्यात सुती खाकी ड्रिल कापडाचा गणवेश, हिवाळ्यात जाड लोकरी बॅटलड्रेस. एकाच सेक्शनमध्ये, म्हणजे प्लाटूनच्या एका छोट्या गटात, अर्धे हाफपँटीत नि अर्धे लोकरीत दिसले, तर रंग कितीही सफाईदार असो, जाणकाराला ते खटकणारच.

तसंच डोक्यांचं. ‘भारतीय पायदळ’ लिहिलेल्या डब्यात पगडीवाली डोकी असतात, ती शीख सैनिकांसाठी जपून ठेवा. इटलीतल्या मराठ्यांना लोखंडी टोप द्या. आणि पिस्तूलवाला अधिकारी दिसला की लगेच गोरा रंगवू नका. भारतीय बटालियनमध्ये प्लाटून बहुधा जमादाराच्या, म्हणजे भारतीय कनिष्ठ अधिकाऱ्याच्या, हाती असे, सेक्शन नाइकाच्या. तीन सेक्शन, प्रत्येकी एक ब्रेन गन (हलकी मशीनगन), प्लाटूनच्या हेडक्वार्टरकडे दोन इंची मॉर्टर (छोटी उखळी तोफ), एवढं आधी कागदावर मांडा. नाहीतर शेवटी चार ब्रेन गन होतात आणि मॉर्टरला माणूसच उरत नाही.

जोडणीत मुख्य घोटाळा गोंदाचा. कडक प्लास्टिकला प्लास्टिक सिमेंट लावा, ते दोन्ही भाग वितळवून एकजीव करतं. धातू आणि रेझिनला त्याचा उपयोग नाही, तिथे फेविक्विकसारखा सुपरग्लूच हवा. घरात आहे म्हणून तोच प्लास्टिकला लावलात तर चिकटतं खरं, पण सांधा ठिसूळ राहतो आणि मूर्ती टेबलावरून पडली की हात निखळतो. साच्याच्या रेघा ब्लेडच्या पाठीने खरवडा. प्रायमरखाली, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराखाली, त्या झाकल्या जातील असं वाटतं. उलट शेड, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ गडद रंग, लावल्यावर त्याच आधी दिसतात.

प्रायमरच्या बाबतीत आपलं हवामान वैरी आहे. मे महिन्यात भरदुपारी गच्चीवर स्प्रे मारला तर रंग मूर्तीवर पोहोचण्याआधी हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग रवाळ होतो. पहाटे मारा. पावसाळ्यात उलटं, दमट हवेत मॅट वार्निशवर पांढुरकी साय धरते. जुलै-ऑगस्टमध्ये स्प्रे कपाटात ठेवा, प्रायमर आणि वार्निश दोन्ही ब्रशने लावा. साय धरलीच असेल तर ब्रशने ग्लॉस वार्निशचा पातळ हात द्या. बहुतेक वेळा खालचा रंग परत दिसतो. वाळल्यावर वरून मॅट.

आता चेहरे, कारण प्लाटून बिघडते ती इथे. बाजारातला ‘फ्लेश’ रंग गुलाबी असतो. त्यात काळा मिसळून ‘भारतीय’ रंग करायला गेलात की चेहरा मेल्यासारखा करडा होतो. मधल्या तपकिरीपासून सुरुवात करा, खोलगट जागी तांबूस तपकिरी शेड द्या. उजळ भागांसाठी पांढरा नको, त्याने त्वचा राखेसारखी दिसते. त्याच तपकिरीत थोडा पिवळा ऑकर (मातकट पिवळा) किंवा थोडा फ्लेश घाला आणि नाक, गालाचं हाड, बोटांची पेरं एवढंच उचला. ओठांना लाल बिलकुल नको. सगळ्यांना एकच छटाही देऊ नका. संध्याकाळी राजवाड्यासमोर दहा मिनिटं उभे राहा, भिया, कुठलेही दोन चेहरे एका रंगाचे नसतात! प्रत्येक सेक्शनसाठी तीन मिश्रणं पुरतात.

सगळी तुकडी एकदम रंगवायला घेऊ नका. तीस पट्टे नि तीस पाऊच रंगवून कंटाळा येतो आणि डबा माळ्यावर जातो. एक सेक्शन पूर्ण करा, मगच दुसरा.

बिघडलेली मूर्ती फेकू नका, पण हार्डवेअरच्या दुकानातल्या एनसी थिनरमध्येही बुडवू नका, प्लास्टिकचा सैनिकच विरघळेल. अ‍ॅक्रिलिक रंग काढायला घरातलं डेटॉल चालतं. मूर्ती रात्रभर भिजवा, हातमोजे घालून जुन्या टूथब्रशने घासा. सुटलेला रंग डेटॉलनेच निथळवा आणि मगच साबण-पाणी. आधी पाणी लावलंत तर चिकट लगदा होऊन तो खाचांत बसतो.

बेससाठी अंगणातली काळी माती घेऊ नका, वाळली की तडकते. चाळून धुतलेली बारीक वाळू फेविकॉलवर टाका. आणि जुलैतली लढाई असेल तर गवत वाळकं, पिवळट ठेवा.