मस्की मागे येतो, पण तोंड मारत नाही? थंड पाण्यातले शेवटचे वीस फूट

ल्यूरच्या, म्हणजे गळ लावलेल्या कृत्रिम आमिषाच्या, मागे मस्की (उत्तर अमेरिकेतला मोठा शिकारी मासा) आला, बोटीपाशी घुटमळला आणि खाली निघून गेला, तर अर्धं काम झालेलं असतं. जागा बरोबर आहे, खोली बरोबर आहे आणि मासा जागा आहे. बिघडतं ते शेवटच्या वीसेक फुटांत, आणि बहुतेक वेळा आपल्याच हातून. इथे फक्त त्या वीस फुटांचा विचार केला आहे. काळ ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून तळं गोठेपर्यंतचा, म्हणजे पाणी साधारण 10 अंश सेल्सिअसवरून 4 अंशांकडे उतरतं तो. प्रदेश अर्थातच मस्कीचा: अमेरिकेतली विस्कॉन्सिन व मिनेसोटा ही राज्यं, कॅनडातला ऑन्टारिओ आणि आसपासची तळी व नद्या.

थंडीत पाठलाग वेगळा का असतो

पाणी गार झालं की मस्कीचं पचन आणि हालचाल दोन्ही मंदावतात. भूक मात्र संपत नाही. माद्यांच्या पोटात वसंतात घालायची अंडी वाढत असतात, त्यामुळे त्यांना मोठा घास हवाच असतो. फक्त त्यासाठी त्या लांबवर धावत नाहीत. जुलैमध्ये ल्यूरच्या शेपटीला नाक लावून येणारा मासा नोव्हेंबरमध्ये चार-सहा फूट मागे आणि जवळजवळ तितकाच खाली राहून येतो. म्हणून पुष्कळ पाठलाग दिसतच नाहीत. मासा बोटीखाली असतो आणि आपण ल्यूर उचलून पुढची फेक करतो.

यावर दोन उपाय. पोलराइज्ड चष्मा ढगाळ दिवशीही डोळ्यांवर ठेवा. ढगाळ हवेत पिवळसर काच गडद काचेपेक्षा चांगली. आणि नजर ल्यूरवर खिळवू नका. ल्यूरच्या मागे, खाली, जिथे पाणी काळं होतं तिथे पाहा. आधी दिसतो तो सहसा फिकट जबडा किंवा परांची कड, अख्खा मासा नव्हे.

जागांबद्दल थोडक्यात. खोल पाण्याला लागून असलेले खडकाळ तीव्र उतार, अजून हिरव्या राहिलेल्या पाणवनस्पती, दोन खोलगट भागांमधली अरुंद जागा. ज्या तळ्यांत सिस्को मासा आहे तिथे पाणी 4-5 अंशांवर आलं की तो विणीसाठी खडक-गोट्यांच्या उथळ भागावर येतो आणि मस्की त्याच्या मागावर असतो. शरदात वरचं-खालचं पाणी मिसळून तळं उलथतं, त्या दिवसांत मासे विखुरतात. तेव्हा झगडत बसण्यापेक्षा आधीच उलथून स्थिर झालेलं दुसरं तळं किंवा नदी गाठलेली बरी.

बोटीपाशी येण्याआधी

मासा मागे येतो पण तोंड मारत नाही, याचं सर्वांत साधं कारण म्हणजे एकाच वेगानं, एका रेषेत येणारा ल्यूर. असं आमिष त्याला आरामात निरखता येतं आणि निरखून झालं की तो वळतो. म्हणून प्रत्येक फेकीत किमान दोनदा लय मोडा: एकदा अर्ध्या वाटेवर, एकदा बोट वीस फुटांवर असताना. मासा दिसो वा न दिसो.

लय कशी मोडायची ते ल्यूरवर ठरतं. नऊ ते चौदा इंची जड रबरी ल्यूर असेल तर रॉड दोन-तीन फूट ओढा, सैल पडलेली लाइन गोळा करा आणि त्याला दोन सेकंद बुडू द्या. पाणी 7 अंशांखाली गेलं की हा थांबा तीन-चार सेकंदांपर्यंत वाढवा. बुडताना लाइन अगदी ढिली सोडू नका, कारण झडप बहुतेक वेळा याच वेळी येते आणि ती कळते ती फक्त लाइन बाजूला सरकल्यावर. डावी-उजवीकडे झोके घेणाऱ्या ग्लाइड बेटला दोन झोक्यांमधला थांबा लांबवा. लांब चोचीच्या क्रँकबेटला (ओढल्यावर बुडी मारणारा ल्यूर) तीन-चार वेगवान फेरे द्या आणि एकदम थांबवा.

चकत्यांच्या बकटेलला (फिरत्या चकत्या आणि मागे केसांचा झुपका असलेला ल्यूर) मात्र थांबा मानवत नाही. चकत्या फिरायच्या थांबल्या की तो चिंधी होऊन खाली जातो. तिथे फक्त वेग वाढवायचा, नाहीतर रॉड एका बाजूला झुकवून त्याची वाट वळवायची. मासा दिसला की दचकून हँडल फिरवायचं थांबवणं ही सर्वांची पहिली प्रतिक्रिया असते, आणि बकटेलवरचे पाठलाग सर्वांत जास्त तिथेच फुकट जातात.

बोटीपाशी: इंग्रजी आठ

पाण्यात रॉडच्या टोकानं काढलेला इंग्रजी आठचा आकडा मस्कीच्या शिकारीत जुना आहे. उन्हाळ्यातला आठ आणि नोव्हेंबरमधला आठ यांत मात्र फरक आहे. थंडीत तो मोठा, खोल आणि संथ हवा.

1. ल्यूर पंधरा-वीस फुटांवर असताना रॉडचं टोक पाण्याला टेकवा आणि ल्यूर बाजूने वळत येईल असं अंग फिरवा. ल्यूर सरळ पायांशी आला तर मासा सरळ बोटीवर येतो, आणि बोट दिसली की खाली जातो.

2. रॉडच्या टोकापासून लीडरपर्यंत (लाइन आणि ल्यूर यांमधला मजबूत तुकडा) फूट-दीड फूट लाइन बाहेर ठेवा. लीडर 130 पौंडी फ्लुरोकार्बनचा, साधारण दीड फुटाचा पुरतो. त्याची गाठ किंवा कडी टोकाच्या रिंगवर आदळू देऊ नका. गार रिंगची चिनीमाती तडकते आणि नंतर तीच कड लाइन कापते.

3. पहिलं वळण सर्वांत मोलाचं. ल्यूर बोटीकडे येत असतो तो इथे बोटीला समांतर होतो आणि मागून येणाऱ्या माशाला पहिल्यांदाच त्याची पूर्ण कूस दिसते. हे वळण घाईत घेऊ नका. आत शिरताना किंचित वेग, वळणात संथ, बाहेर पडताना पुन्हा वेग.

4. सरळ भागात रॉडचं टोक तीन-चार फूट पाण्यात खुपसा, वळणावर हळूहळू वर आणा. मस्कीचे डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला असतात. त्याला वर पाहून तोंड मारणं सोपं, खाली वाकून अवघड.

5. आठची एकूण लांबी सहा ते आठ फूट आणि वळणं निदान पाच फूट रुंद ठेवा. त्यासाठी रॉड नऊ फुटी किंवा त्याहून लांब लागतो. बाहेरच्या वळणाच्या टोकाला ल्यूर अर्धा-एक सेकंद लटकू द्या. थंडीतल्या झडपा बहुतांशी तिथेच येतात.

मासा न दिसताही प्रत्येक फेकीनंतर दोन आठ काढायचेच. दिसला तर तो असेपर्यंत, आणि दिसेनासा झाल्यावरही आणखी तीन-चार. तो गेलेला नसतो, बरेचदा बोटीच्या तळाखाली असतो.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे चहात साखर ढवळल्यासारखा चिमुकला आठ. चार फुटी माशाला तेवढ्या जागेत वळता येत नाही. तो एकदा प्रयत्न करतो, ल्यूर त्याच्या डोळ्यांआड होतो आणि संपलं. आठ नीट जमत नसेल तर सरळ लंबगोल काढा. मोठा लंबगोल हा घट्ट आठपेक्षा केव्हाही चांगला, आणि संथ माशासाठी तर मुद्दाम तोच वापरावा.

वेग ठरवायचा तो माशाकडे बघून. कल्ले फुगवून, ल्यूरच्या अगदी मागे, वेगात आलेला मासा असेल तर वेग कमी करू नका, उलट वळणातून बाहेर पडताना वाढवा. खाली, लांब, सुस्त येणारा असेल तर ल्यूर त्याच्या खोलीवर न्या आणि रुंद वळणं घ्या. दोन फेऱ्यांत त्याने अंतर कमी केलं नाही तर एकदा ल्यूर थांबवून बघा. अंतर कमी करतोय, पण तोंड मारत नाही, अशा वेळी एकच जोराची पळवणूक द्या. घास सुटतोय असं वाटलं की सुस्त मासाही कधीकधी झेपावतो.

या सगळ्या वेळात बोटीवर शांतता हवी. पाय आपटणं, डब्याचं झाकण पाडणं, बोट दाखवून ओरडणं हे सगळं माशापर्यंत पोचतं. मस्कीच्या अंगावरची पार्श्वरेषा आणि खालच्या जबड्यावरची छिद्रं पाण्यातली कंपनं टिपतात. ट्रोलिंग मोटर (बोट हळू सरकवणारी छोटी विजेची मोटर) चालू असेल तर चालू राहू द्या, बंद असेल तर बंद. आवाजातला अचानक बदल वाईट.

झडप आल्यावर

बोटीपाशी हिसका द्यायचा तो माशाच्या तोंडाच्या उलट दिशेला, आडवा. मासा डावीकडे जात असेल तर रॉड उजवीकडे. गळ मागे सरकून जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. वर उचललात तर ल्यूर उघड्या तोंडातून सरळ बाहेर येतो. नुसता पांढरा जबडा उघडताना पाहून हिसका देऊ नका. तोंड मिटून रॉडला वजन लागू द्या.

लाइन 80 ते 100 पौंडी, विणलेल्या धाग्याची असते आणि ती ताणत नाही, म्हणून ड्रॅग (लाइन सुटू न देणारा रीलचा ब्रेक) पूर्ण आवळलेला असेल तर काहीतरी तुटतं: गळ सरळ होतो, जबडा फाटतो किंवा रॉड मोडतो. आठ काढताना रीलचं बटण दाबून स्पूल (लाइन गुंडाळलेली फिरकी) मोकळं ठेवा आणि अंगठ्याने घट्ट धरा. हिसका बसल्यावर मासा झेप घेतो तेव्हा अंगठा थोडा सैल करा. अंगठ्यावर विश्वास नसेल तर निदान ड्रॅग अर्धा फेरा सैल करा. गळ रोज कानशीने घासा. नखावर टेकवल्यावर घसरत असेल तर तो बोथट आहे.

बाजूला जिवंत सकर

थंड पाण्यात, ल्यूर नाकारून परतणाऱ्या माशासाठी यापेक्षा चांगली दुसरी सोय नाही. बारा ते सोळा इंची सकर मासा जिवंत आमिष म्हणून क्विक-स्ट्राइक रिगवर (लगेच हिसका देता यावा अशी गळांची जोडणी) लावून बोटीपासून काही फुटांवर, सहा ते दहा फूट खोल सोडतात. रिगला दोन ट्रेबल (तीन टोकांचे) गळ असतात: एक पुढच्या परामागे, एक पाठीच्या परापाशी, दोन्ही कातडीत वरवर अडकवलेले, म्हणजे हिसक्यासरशी सुटून मस्कीच्या तोंडात रुततील. खोल टोचले तर ते सकरमध्येच अडकून राहतात आणि मस्की मोकळा सुटतो.

मासा ल्यूरमागे आला आणि आठवर फिरकला नाही, तर सकर दोन-तीन फूट हळूच वर ओढा, पळू पाहतोय असा. सकर आपणहून सैरभैर धावू लागला तर खाली कोणीतरी आहे असं समजा. मस्कीने पकडल्यावर त्याला गिळण्याइतका वेळ देऊ नका. पोटात गेलेल्या गळाने मासा मरतो. बोट त्याच्या वर न्या, लाइन ताठ करा आणि लगेच आडवा, जोराचा हिसका द्या.

नियम आधी बघा. विस्कॉन्सिनमध्ये एका माणसाला तीन लाइन चालतात, म्हणून फेकता फेकता सकर बाजूला ठेवता येतो. मिनेसोटात खुल्या पाण्यावर एकच लाइन, त्यामुळे तिथे एकजण फेकणार आणि दुसरा सकर सांभाळणार. मोसम कधी बंद होतो तेही राज्यागणिक आणि तळ्यागणिक बदलतं.

गेलेल्या माशाकडे परत

जीपीएसवर खूण करा, आणि बोटीची नव्हे, मासा जिथून निघाला असेल त्या जागेची. उतार किती फुटांवर होता, वारा कुठून होता, हे सोबत लिहा. लगेच पाच-सहा फेका मारत राहिल्याने तो फक्त आणखी बिथरतो. दुसरा, वेगळ्या चालीचा ल्यूर घेऊन एक-दोन फेका मारा आणि निघा.

परत यायची वेळ: सूर्यास्ताच्या आधीचा तास, चंद्रोदय-चंद्रास्ताच्या आसपास, किंवा वारा फिरून हवा बदलायला लागते ती वेळ. यांतली दोन एकत्र जुळत असतील तर बाकीचा बेत रद्द करून तिथेच असावं. येताना दिशा बदला. आधी खोलातून उथळाकडे फेकत होतात तर आता उताराच्या कडेने समांतर फेका, म्हणजे ल्यूर त्याच खोलीवर जास्त वेळ राहतो. रबरावर आलेला मासा ग्लाइड बेटवर लागणं नेहमीचं आहे. पुन्हा नुसता मागे आला तर त्या दिवशी त्याला सोडा.

बर्फ आणि हाताळणी

हवा शून्याखाली गेली की रॉडच्या रिंगांत बर्फ धरतो आणि लाइन अडते. दर काही फेकींनी टोक पाण्यात बुडवून बर्फ काढा, बोटाने खरवडू नका. वूलचा मोजा भिजला तरी ऊब देतो, सुती देत नाही. लाइफ जॅकेट पूर्ण वेळ अंगावर. 5 अंशांच्या पाण्यात हातपाय काही मिनिटांतच काम करेनासे होतात.

गळ काढणं पाण्यातच, रबर चढवलेल्या मोठ्या जाळ्यात करा. लांब पक्कड आणि गळ कापायची कात्री आधीच हाताशी ठेवा. गोठवणाऱ्या हवेत माशाचे कल्ले आणि डोळे काही क्षणांत इजा पावतात, म्हणून फोटो काढायचाच असेल तर कॅमेरा तयार झाल्यावरच मासा आडवा, पोटाखाली हात देऊन उचला आणि दहा सेकंदांत पाण्यात परत ठेवा. मग शेपटीजवळ धरून, तो स्वतःहून जोर लावेपर्यंत थांबा.