सेनेसेन्सवर (पेशी जिवंत राहून विभागणं थांबवते त्या अवस्थेवर) काम करायला निघालेल्या आपल्या सीमाभागातल्या पोरांसाठी

दहावीपर्यंत मराठी शाळा आणि पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजी, हा धक्का खानापूर-निपाणीकडच्या ज्यांनी पचवलाय त्यांना पी५३ची साखळी (पी५३, पी२१, पी१६ ही पेशीचं विभाजन रोखणारी प्रथिनं) जड जाणार नाही. रेडिएशनने डीएनए तुटला, पी५३ जागा झाला, पी२१ने विभाजन थांबवलं, पुढे पी१६ आला की ते थांबणं पक्कं झालं. एवढं येतंच तुम्हाला.

घोळ पुढे आहे. कॅन्सर-पेशींना १० ग्रे रेडिएशन दिलं (मशीन दवाखान्याचं, पेशंट संपल्यावरच आपला नंबर). आठवड्याभरात पेशी आंबोळीसारख्या पसरतात, बीटा-गॅलच्या (थांबलेल्या पेशींत वाढणाऱ्या एन्झाइमच्या) चाचणीत निळ्या होतात. नंतर शेजारच्या प्लेटमध्ये वाढणारी एक वसाहत दिसते आणि आपण सरांकडे पळतो: पेशी सेनेसेन्समधून सुटल्या!

सुटल्या कशावरून? एक्स-गॅलचा (बीटा-गॅलमुळे निळा होणाऱ्या पदार्थाचा) रंग द्यायचा तर पेशी आधी फिक्स करावी लागते, म्हणजे मारावीच लागते. जी थांबली होती असं तुम्ही दाखवलंत ती मेली. जी वाढतेय ती कधी थांबली होती का, याला पुरावा नाही. एखादी पेशी डीएनए दुरुस्त करून, न थांबताच पुढे गेली असेल तरी प्लेट हुबेहूब अशीच दिसते. मीही यातच अडकलो होतो. तेव्हा जिवंत पेशींवर चालणारा सी१२एफडीजी (बीटा-गॅलमुळे चमकणारा पदार्थ) वापरा, चमकणाऱ्या पेशी सॉर्टरने वेगळ्या काढा आणि त्यांच्यावरच टाइम-लॅप्स लावा. याला शॉर्टकट नाही, किट विकणारा काहीही सांगू दे.

सिनिअरच्या वहीची झेरॉक्स जरूर घ्या, पण आंधळेपणाने नको. रंग चढवताना प्लेट सीओटू इन्क्युबेटरमध्ये ठेवलीत तर पीएच ६च्या खाली उतरतो आणि धडधाकट पेशीही निळ्या होतात. खच्चून भरलेली प्लेटही तशीच फसवते. हे त्या वहीत नसतं.

घाबरू नका, सुटका खरी असते. २००३मध्ये सेनेसेन्सच्या संशोधक जूडिथ कॅम्पिसी यांच्या गटाने म्हाताऱ्या झालेल्या मानवी पेशींत पी५३ बंद पाडला. पी१६ कमी असलेल्या पुन्हा विभागू लागल्या, जास्त असलेल्या नाहीत. म्हणून आपल्या पेशींत पी१६ आहे का, हे पहिल्याच महिन्यात तपासा. कित्येक कॅन्सर-पेशींत तो नसतोच.

सॉर्टरसाठी पुणे-बंगळूर गाठावं लागलं तर पेशींचा फ्लास्क मीडियमने (पेशी वाढवायच्या द्रवाने) गळ्यापर्यंत भरा आणि झाकण घट्ट लावा. आणि तिथल्या मशीनवाल्याशी फोनवर वेळ पक्की झाल्याशिवाय तिकीट काढू नका.