ऑर्ग-मोडमध्ये नोट्स काढताय? लिंका हेडिंगच्या नावावर टांगू नका

एमपीएससीच्या नोट्स ऑर्ग-मोडमध्ये (ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधली नोट्स काढायची सोय) काढणारे फार कमी, पण दरवर्षी कोणीतरी नवीन येतंच, म्हणून लिहितोय. ताऱ्यांची हेडिंग, टॅबने घडी घालणं-उघडणं, कंट्रोल-सी कंट्रोल-एल ने लिंक टाकणं, कंट्रोल-सी कंट्रोल-ओ किंवा क्लिक करून तिकडे उडी मारणं, एवढं येतं असं धरतो. उडी मारून परत यायला कंट्रोल-सी आणि मग & दाबायचं, हे मात्र बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि मग ते बिचारे स्क्रोल करत बसतात. एंटर दाबून लिंक उघडायची असेल तर 'ऑर्ग-रिटर्न-फॉलोज-लिंक' हे सेटिंग स्वतः चालू करावं लागतं.

आता खरा घोळ. मी स्वतः यात इतका अडकलोय की हे जरा लांबण लावूनच सांगणार.

समजा राज्यव्यवस्थेच्या फाइलमध्ये 'वसंतराव नाईक समिती' असं हेडिंग आहे. बलवंतराय मेहता समितीखालून, १९६१ च्या जिल्हा परिषद कायद्याखालून आणि ७३व्या घटनादुरुस्तीखालून तुम्ही तिकडे लिंक दिली, [[*वसंतराव नाईक समिती]] अशी. मस्त चालते. मग रिव्हिजनच्या वेळी साल लक्षात राहावं म्हणून हेडिंग केलं 'वसंतराव नाईक समिती, १९६०'. संपलं. तिन्ही लिंका तुटल्या, आणि कोणी काही बोलत नाही, कारण ऑर्ग ती लिंक क्लिक केल्यावरच शोधतो, आधी नाही. हेडिंगवरचं टूडू (करायचंय) बदलून डन (झालं) केलं किंवा टॅग लावला तर काही होत नाही, ते तो शोधताना सोडून देतो. हेडिंगच्या शब्दांना हात लावला की मात्र गेलं.

आणि याहून वाईट पुढे आहे. तुटलेल्या लिंकवर क्लिक केलं की खाली एका ओळीत प्रश्न येतो, असं हेडिंग नाही, नवीन बनवू का? घाईत माणूस यस टाइप करतो. मग फाइलच्या पार शेवटी जुन्या नावाचं एक कोरं हेडिंग तयार होतं आणि तिथून पुढे सगळ्या लिंका बिनबोभाट त्या कोऱ्या हेडिंगवर नेतात. बघणाऱ्याला वाटतं नोट्स उडाल्या! उडालेल्या नसतात हो, वर जागच्या जागी असतात, फक्त वाट चुकलेली असते. तो प्रश्न आला की नो म्हणायचं, कायम नो. 'ऑर्ग-लिंक-सर्च-मस्ट-मॅच-एक्झॅक्ट-हेडलाइन' हे सेटिंग टी (t, म्हणजे चालू) करून टाकलं तर तो विचारतच नाही, सरळ एरर देतो, आणि एरर परवडली.

मराठीत लिहिणाऱ्यांना यात अजून एक काटा आहे. 'जिल्हाधिकाऱ्यांचे अधिकार' मधला ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो, एका कीबोर्डवर ऱ हे वेगळं अक्षर पडतं, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारा जोडणारा कोड. डोळ्याला दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला वेगळे. हेडिंग लॅपटॉपवर लिहिलं आणि लिंक फोनवर, तर दोन्ही अक्षरशः सारखं दिसत असूनही सापडणार नाही आणि तुम्ही तासभर डोकं आपटाल.

उपाय सोपा आहे, घाबरू नका. हेडिंगवर उभं राहून कंट्रोल-सी कंट्रोल-एक्स पी, प्रॉपर्टीचं नाव कस्टम आयडी (मध्ये अंडरस्कोर), आणि रोमन अक्षरांत एक छोटं नाव द्या. लिंक देताना त्या नावाआधी #. आता हेडिंगला साल लावा, पूर्ण बदला, वरखाली हलवा, लिंक तिथेच जाते. फक्त त्याच फाइलपुरतं हं. कंट्रोल-सी कंट्रोल-डब्ल्यू ने तो भाग दुसऱ्या फाइलमध्ये टाकायची सवय असेल तर ऑर्ग-आयडी (ऑर्गने स्वतः हेडिंगला दिलेला ओळख-क्रमांक) वापरा, तो लांबलचक आकडा दिसायला भयाण असला तरी फाइल बदलली तरी सापडतो. एकच काळजी, हेडिंग कॉपी-पेस्ट केलं की आयडीही कॉपी होतो, मग एका आयडीची दोन हेडिंग होतात. पेस्ट केलेल्यातला काढून टाका.

यूट्यूबवर बघून पहिल्याच दिवशी ऑर्ग-रोम (नोट्स एकमेकींना जोडणारं ऑर्गवरचं जोड-पॅकेज) वगैरे लावू नका. वाईट नाहीये ते, पण खाली काय चाललंय ते कळत नाही आणि अडलं की दुसऱ्याची कॉन्फिग (सेटिंगची फाइल) चिकटवत बसायची वेळ येते. कार्स्टन डोमिनिक नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये स्वतःच्या नोट्ससाठी सुरू केलेली गोष्ट आहे ही, साधी वापरली तर साधीच राहते. आणि 'मी सांगतो तसंच कर' म्हणणाऱ्या सीनियरने आपली फाइल कधी उघडून दाखवली नसेल तर त्याचं ऐकू नका.

आधीच ढीगभर लिंका नावांवर दिल्या असतील तरी सगळं हाताने करायला नको. फाइल उघडून ऑल्ट-एक्स ऑर्ग-लिंट चालवा, तुटलेल्या लिंकांची ओळींसकट यादी मिळते, तेवढ्याच दुरुस्त करा, बाकीच्या सावकाश. नवीन लॅपटॉपवर फाइल्स नेल्यावर आयडी सापडेना तर 'ऑर्ग-आयडी-अपडेट-आयडी-लोकेशन्स' एकदा चालवा, पण त्याआधी त्या फाइल्स अजेंडाच्या यादीत ('ऑर्ग-अजेंडा-फाइल्स' या सेटिंगमध्ये) टाका, नाहीतर तो तिकडे बघतच नाही.