पाणबुड्यांच्या (डायव्हर्सच्या) जुन्या लष्करी सुऱ्या जमवताय? या चुका टाळा

चोरबाजारात किंवा ऑनलाइन लिलावात पितळी म्यानाची जाडजूड सुरी दिसली, वर 'सीब गोरमन, लंडन' असं पाणबुड्यांचं सामान बनवणाऱ्या नामांकित ब्रिटिश कंपनीचं नाव कोरलेलं असलं, की नवा संग्राहक तिथेच विरघळतो. पाणबुड्यांच्या शिरस्त्राणांच्या आणि इतर पितळी सामानाच्या नकला आपल्याच देशात शोभेच्या वस्तू म्हणून राजरोस बनतात. त्यात काही गैर नाही. लबाडी सुरू होते ती 'जहाज मोडताना निघाली हो' असं सांगून विकताना.

नाव काय, कुणीही ठोकेल. आधी आटे बघा. पाणबुड्या उलटापालटा झाला तरी सुरी निसटू नये म्हणून ती म्यानात फिरवून बसवायची सोय असते. खरे आटे यंत्रावर कापलेले, कडा नीट. नकलेत ते बरेचदा ओतीव, गोलसर; सुरी अडखळत फिरते आणि पूर्ण बसल्यावरही डुगडुगते. म्यानात टॉर्च मारा: वाळूच्या साच्याचा खरबरीतपणा, बारीक छिद्रं दिसली तर भाव विचारायचीही गरज नाही. अमेरिकी नौदलाच्या मार्क 5 या पितळी-तांब्याच्या शिरस्त्राणाच्या पाणबुडी पोशाखाबरोबरच्या सुरीला एका बाजूला साधी धार, दुसऱ्या बाजूला करवतीचे दात असतात. ते दोर कापण्यासाठी आहेत, नक्षी म्हणून नाहीत.

चुंबकाची परीक्षा अर्धवट समजून करू नका. म्यानाला चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. पण पात्याला चिकटला नाही म्हणून सुरी खोटी ठरत नाही. चुंबकीय सुरुंगांजवळ काम करणाऱ्यांसाठी तांबं आणि सुमारे 2 टक्के बेरिलियम यांच्या मिश्रधातूची पाती बनत. अशा पात्याला सँडपेपर किंवा ग्राइंडर अजिबात लावू नका. बेरिलियमची धूळ फुप्फुसांना घातक असते.

खरी सुरी मिळाल्यावर तिची वाट लावतो तो मात्र मालकच. चिंच-मीठ लावून म्यान लख्ख केलं, की जुनी झाक गेली आणि किंमतही गेली. अमोनिया असलेलं पॉलिश तर नकोच. ब्रिटिश लष्कराच्या हिंदुस्थानातल्या तबेल्यांत ठेवलेल्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात तडे जात. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे त्याचं कारण 1921 मध्ये उलगडलं. मऊ फडकं, हिरवा कळंक असेल तिथे लाकडी काडी आणि वर मेणाचा पातळ हात, एवढं पुरतं.

आटे अडकलेत? पक्कड लावू नका, लाकडी मूठ पिळवटते. फटीत पातळ तेल सोडून रात्रभर ठेवा, मग फक्त म्यानाभोवती गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळून हलक्या हाताने फिरवा. उकळत्या पाण्यात बुडवलंत तर मूठ तडकेल.

दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी नौदलाची 'मार्क 2' सुरी कातडी म्यानात घालून कपाटात ठेवू नका. कातडं ओल धरतं, कोकणातल्या एका पावसाळ्यात पात्यावर गंजाचे डाग पडतात. अमेरिकी नौदलाने या सुरीसाठी करड्या फायबरचं म्यान काढलं, ते उगाच नाही.

आणि घेण्याआधी पातं मोजा. 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पातं शस्त्र कायद्याच्या कक्षेत येऊ शकतं. पावती जपून ठेवा, आणि विमानात हातातल्या बॅगेत सुरी नको.