रोममध्ये पावसाचा दिवस छताखाली कसा घालवावा

रोममध्ये पाऊस सुरू झाला की असंख्य प्रवासी व्हॅटिकनच्या संग्रहालयांकडे वळतात. आगाऊ तिकीट काढलेले नसेल तर तिकडे जाऊ नये. तेथील रांग उघड्यावर, तटाच्या भिंतीलगत लागते आणि सगळी सकाळ भिजण्यात जाते. त्याऐवजी एकमेकांच्या जवळ असलेल्या दोन-तीन वास्तू निवडून त्या सावकाश पाहाव्यात.

सुरुवात पँथिऑनपासून करावी, कारण ही वास्तू मुद्दाम पावसात पाहावी अशीच आहे. सम्राट हेड्रियनच्या कारकिर्दीत, इ. स. १२६ च्या सुमारास पूर्ण झालेल्या या मंदिराच्या घुमटाच्या माथ्यावर सुमारे ९ मीटर व्यासाचे उघडे वर्तुळ आहे. त्यातून पाऊस थेट आत पडतो आणि मध्यभागी किंचित उंच ठेवलेल्या फरशीवरून उतरत, तिच्यात कोरलेल्या लहान छिद्रांवाटे वाहून जातो. रोमन स्थापत्यकारांनी पाणी अडवण्याऐवजी त्याला वाट करून दिली, हे येथे प्रत्यक्ष दिसते. म्हणून सर येईपर्यंत थांबावे लागले तरी थांबावे. २०२३ पासून येथे प्रवेशासाठी तिकीट लागते.

तेथून काही मिनिटांवर सान लुईजी देई फ्रांचेझी हे चर्च आहे. संत मॅथ्यूच्या जीवनावरील चित्रकार काराव्हाजोची तीन चित्रे ज्या जागेसाठी रंगवली गेली, त्याच जागी ती आजही आहेत आणि त्यांच्यासाठी तिकीट लागत नाही. दुपारी चर्च काही काळ बंद असते, त्यामुळे येथे सकाळीच जावे.

दुपार कॅपिटोलाइन संग्रहालयाला द्यावी. कॅपिटोलाइन टेकडीवरील चौकाच्या दोन बाजूंच्या त्याच्या इमारती भुयारी मार्गाने जोडलेल्या असल्यामुळे बाहेर पडावे लागत नाही. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसचा मूळ ब्राँझचा अश्वारूढ पुतळा काचेच्या छताच्या दालनात आहे; चौकात दिसते ती प्रतिकृती. त्याहूनही मोलाचा आहे तो टॅब्युलेरियम या प्राचीन दफ्तरखान्याच्या कमानींतून दिसणारा फोरमचा, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य सार्वजनिक चौकाच्या अवशेषांचा, देखावा, आणि माझ्या मते पावसात फोरम पाहण्यासाठी याहून चांगली जागा नाही.

वेळ उरल्यास कलोसियमजवळचे सान क्लेमेंते पाहावे. बाराव्या शतकातील या चर्चखाली चौथ्या शतकातील चर्च आणि त्याहीखाली मिथ्र देवाचे मंदिर आहे. चर्चमध्ये जाताना खांदे व गुडघे झाकलेले असावेत, आणि रस्त्यांवरील दगडी फरसबंदी भिजल्यावर फार निसरडी होत असल्याने पकड असलेले बूट घालावेत.