पोकर ट्रेनरवर एका वेळी एकच प्रसंग
पोकरचा सराव करून घेणाऱ्या ट्रेनर सॉफ्टवेअरवर येतील ते हात (डाव) खेळत बसलं की स्कोअर झकास दिसतो, पण पैशांच्या टेबलावर नेमके तेच निर्णय अडतात. त्यापेक्षा असं करा:

1. खेळाडूंची संख्या, स्टॅक (प्रत्येकाकडच्या चिप्स) आणि रेक (खेळवणारा डावातून कापतो ती फी) तुम्ही खेळणार त्या टेबलासारखेच ठेवा. 100 बिग ब्लाइंडच्या (पानं वाटण्याआधी भरायची मोठी सक्तीची रक्कम) स्टॅकचं पाठांतर 30 च्या स्टॅकला चालत नाही.

2. एकच प्रसंग निवडा. बटनवरून (डीलरच्या जागेवरून) कुणी रेझ केलं, म्हणजे रक्कम वाढवली, आणि तुम्ही बिग ब्लाइंड भरणाऱ्या जागेवर, हा सतत येतो. तिथूनच सुरुवात करा.

3. क्लिक करण्याआधी कारण मोठ्याने बोला. पॉट (मध्ये जमलेली रक्कम) 100, समोरच्याने 50 लावले; कॉल करायचा, म्हणजे तेवढेच भरायचे, तर 200 च्या पॉटसाठी तुमचे 50, म्हणून निदान 25 टक्के इक्विटी (पॉटमधला सरासरी वाटा) हवी. आपल्या पानांत ती आहे का? उत्तर बरोबर आलं पण कारण सांगता आलं नाही, तर तो हात चुकलाच म्हणायचा. (घरचे हसतील, हसू देत.)

4. शेवटी सर्वाधिक ईव्ही (सरासरी अपेक्षित कमाई) घालवणाऱ्या चुकाच पाहा. कधी कॉल, कधी फोल्ड (पानं टाकून देणं) अशा मिश्र उत्तरांवर डोकं खपवू नका. दोन्हींत फरक नगण्य असतो.

मात्र ऑनलाइन डाव चालू असताना ट्रेनर किंवा सॉल्व्हर (गणिताने योग्य चाल काढून देणारं सॉफ्टवेअर) उघडा ठेवू नका. मोठ्या पोकर साइट्सवर त्याला मनाई आहे, खातं बंद होऊ शकतं.